उल्हास खोऱ्यातील शिकारी पक्षी व त्यांचे छायाचित्रण

अंबरनाथचे प्राचीन शिवालय शिलाहार राजांच्या काळात उभे राहिले. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष कोरलेले असून मम्मुणी राजाचे नाव त्यात येते. या राजघराण्याच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. ‘सुवर्णगरुडध्वज’ असे बिरुद हे राजे आपल्या नावामागे लावीत आणि गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या नागाच्या ऐवजी स्वतःचा देह शिळेवर ठेवणाऱ्या जीमूतवाहनाचे आपण वंशज आहोत, असे अभिमानाने सांगत. शिलाहार या नावाचा संबंधही त्याच कथेशी जोडला जातो. राजवट गेली, ध्वज गेला; परंतु या मंदिरापासून काही किलोमीटरांवर असलेल्या मलंगगड-तावलीच्या डोंगरधारेवर, हिवाळ्यातील सकाळी हवा तापू लागली की, नागसापांवर गुजराण करणारा खराखुरा सर्पगरुड आजही शीळ घालीत घिरट्या घेताना आढळतो. लोकलने ये-जा करणाऱ्या हजारो प्रवाशांपैकी फारच थोड्यांची नजर तेथवर जाते, ही गोष्ट वेगळी.

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने येतात. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर अंतरावरील बदलापूरपर्यंतचा हा पट्टा म्हणजे दाट वस्तीचा, कारखान्यांचा आणि वाढत्या गृहसंकुलांचा प्रदेश, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. या पट्ट्याच्या नैर्ऋत्येस मलंगगड, तावली, चंदेरी, पेब अशी माथेरानपर्यंत गेलेली डोंगररांग आहे. पूर्वेस बारवी जलाशय व त्याभोवतीचे साग, ऐन आणि मोहाचे पानगळी जंगल आहे. दोहोंच्या मधून उल्हास नदी वाहते आणि तिच्या काठाने भातखाचरे व गवताळ माळ अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. डोंगर, जंगल, पाणी आणि उघडा माळ एवढ्या थोड्या अंतरात एकत्र आल्यामुळे शिकारी पक्ष्यांची जितकी विविधता येथे पाहावयास मिळते, तितकी एखाद्या महानगराच्या दारात सहसा मिळत नाही.

अलीकडे या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याचा छंद तरुणांमध्ये वाढला आहे. कॅमेरे पूर्वीच्या मानाने सुलभ झाले आहेत. तथापि शिकारी पक्ष्याचे छायाचित्रण हे चिमणी-बुलबुलांच्या छायाचित्रणाहून निराळे शास्त्र आहे. हा पक्षी माणसाला दुरून ओळखतो, त्याचा पल्ला मोठा असतो आणि त्याच्या विणीत व्यत्यय आला तर त्याची किंमत फार जबर असते. म्हणून त्याचा दिनक्रम आणि वर्षक्रम आधी समजून घ्यावयाचा आणि मग कॅमेरा हाती घ्यावयाचा, हाच क्रम योग्य होय.

नावांची थोडी ओळख

शिकारी पक्ष्यांची आपल्याकडील नावे ही स्वतंत्र अभ्यासाची बाब आहे. त्यांपैकी कित्येक नावे बाजदारांच्या, म्हणजे ससाणे पाळून शिकार करणाऱ्यांच्या परिभाषेतून मराठीत आली. शिक्रा हे नाव ‘शिकार’ या फारसी शब्दाशी नाते सांगते. शाहीन म्हणजे राजेशाही. बहिरी ससाण्याला ऐकू येत नाही असा समज करून घेण्याचे कारण नाही. ‘बहर’ म्हणजे समुद्र, आणि समुद्रावरून येणारा तो बहिरी. ही विद्या केवळ दरबारी मुसलमानी विद्या होती असेही नव्हे. कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथच या विषयावर लिहिलेला आहे. ससाण्याला कसे हाताळावे, त्याला आजारपणात काय द्यावे, इथपर्यंतचा तपशील त्यात आढळतो. पक्ष्याच्या सवयी बारकाईने पाहण्याची ही परंपरा छायाचित्रकारांनी उचलण्याजोगी आहे. पक्षी पाळण्याची मात्र नव्हे, कारण त्यास आज कायद्याने मनाई आहे.

या खोऱ्यात बारमाही दिसणाऱ्यांत घार, शिक्रा, कापशी आणि सर्पगरुड हे प्रमुख होत. पांढऱ्या डोळ्यांचा तिसा, डोक्यावर लांब तुरा मिरविणारा मोरघार आणि मधमाश्यांच्या व गांधीलमाश्यांच्या पोळ्यांतील अळ्या खाणारा मधुबाज हे जंगलाच्या कडेने आढळतात. हिवाळ्यात त्यांत पाहुण्यांची भर पडते. जलाशयावर मासे पकडणारा कैकर, पाणथळ जागी जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्ये आणि माळावर हवेत एका जागी थरथरत उभी राहणारी खरुची हे पाहुणे साधारणतः ऑक्टोबरपासून येऊ लागतात. सायबेरिया व उत्तर चीनमधून निघून आफ्रिकेच्या दक्षिण भागाकडे जाणाऱ्या अमूर ससाण्यांचे थवेही नोव्हेंबर-डिसेंबरात सह्याद्रीवरून जातात. नागालँडमध्ये २०१२ साली ज्यांची जाळी लावून प्रचंड प्रमाणावर हत्या झाली आणि पुढील वर्षी तेथील गावकऱ्यांनीच ज्यांना अभय दिले, ते हेच पक्षी.

वारा व ऊन

शिकारी पक्ष्याचा दिवस हवेवर अवलंबून असतो. रुंद पंखांचा गरुड पंख मारीत उंच जात नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतात तो चक्राकार फिरत वर सरकतो. हिवाळ्यात असे झोत सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास तयार होऊ लागतात. तोवर तो एखाद्या निष्पर्ण सावरीवर किंवा कड्याच्या टोकावर अंग शेकीत बसलेला असतो. वजनाच्या मानाने पंख मोठे असल्याने घार त्याच्या आधी वर जाते. तेव्हा घारी चढू लागल्या की गरुडांची वेळ जवळ आली, असे समजण्यास हरकत नाही.

छायाचित्रकाराची अडचण येथेच सुरू होते. ज्या उष्णतेमुळे पक्षी उडतो, त्याच उष्णतेमुळे दूरचे दृश्य लेन्समधून लवलवताना दिसते. डोळ्यांना हा दोष जाणवत नाही. मात्र मोठ्या लेन्सने घेतलेल्या चित्रात पिसांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, आणि कितीही महाग लेन्स घेतली तरी त्यावर उपाय नाही. शिवाय दुपारी सूर्य डोक्यावर आल्यावर पक्ष्याचे पोट आणि पंखांची आतली बाजू काळोखात जाते, आणि खालून पाहणाऱ्यास नेमकी तीच बाजू दिसत असते. यासाठी सकाळी साडेसात ते दहा आणि दुपारी चारनंतरचा वेळ उत्तम. बसलेल्या पक्ष्यासाठी पहिला प्रहर आणि उडणाऱ्यासाठी त्याचा शेवटचा तास, असे साधारण गणित मांडता येते. मधल्या वेळेत पक्षी वळताना कलतो, त्या क्षणाची वाट पाहावी. कलल्याबरोबर ऊन पंखांच्या आतल्या बाजूवर पडते आणि एरवी काळा दिसणारा पक्षी एकाएकी पिसापिसाने उघडा होतो. फेब्रुवारीनंतर गवत वाळून पिवळे पडले की जमिनीवरून परतणारा उजेडही पक्ष्याच्या पोटावर पोहोचतो; पावसाळ्यातील गर्द हिरव्या जमिनीवरून तो फारसा परतत नाही.

वाऱ्याची दिशा हा दुसरा महत्त्वाचा भाग. पक्षी उतरताना, बसण्यापूर्वी आणि हवेत एका जागी स्थिर राहताना वाऱ्याकडे तोंड करतो. म्हणजे वारा आपल्या पाठीवर घेऊन उभे राहिले तर पक्ष्याचे तोंड आपल्याकडे येते. याबाबतीत निसर्गाने या भागातील छायाचित्रकारावर मोठीच मेहेरनजर केलेली आहे. उत्तर कोकणात हिवाळ्याच्या सकाळी वारा बहुधा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो. सूर्यही सकाळी पूर्वेस आणि दुपारनंतर पश्चिमेस! त्यामुळे पाठीवर ऊन आणि पाठीवर वारा हे दोन्ही एकाच वेळी साधते.

याला अपवाद डोंगररांगेचा. बदलापूर-अंबरनाथकडून पाहिले असता ही रांग मावळतीच्या बाजूस येत असल्याने तिचे कडे सकाळी उजळून निघतात आणि दुपार कलताच सावलीत बुडतात. समुद्रावरचा वारा रांगेच्या पलीकडील अंगावर आदळून वर चढतो व त्यावर स्वार होऊन गरुड धारेवरून जातात-येतात. पण तेव्हा अलीकडून घेतलेले चित्र म्हणजे नुसती काळी आकृती. डोंगर सकाळी आणि माळ संध्याकाळी, असे वेळापत्रक येथे सोईचे पडते.

तीन ठिकाणे, तीन पक्षी

उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांचे शहर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत त्यांची सोय करण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सुमारे १३ चौरस किलोमीटरांच्या या नगरात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहतात. येथे रानातील पक्ष्याची गोष्ट करणे विनोदी वाटेल. परंतु आकाशात घारी आहेत, आणि नवशिक्यास घारीसारखा गुरू नाही. ती सर्वत्र आहे, आकाराने मोठी आहे, माणसाला सरावलेली आहे आणि तिची दुभंगलेली शेपटी सुकाणूसारखी सतत वळत असल्याने तिचे उड्डाण वाचणे सोपे जाते. इमारतीच्या गच्चीवरून घारी डोळ्यांच्या पातळीवर येतात. त्यामुळे आकाशाऐवजी पलीकडील घरांची पार्श्वभूमी मिळते. उडत्या घारीसाठी शटरचा वेग एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहून जलद असावा. उजळ आकाशाला कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा ठिक्कर येतो, म्हणून एक्स्पोजर एका पायरीने वाढवावे. हे दोन धडे गच्चीवर शेकडो वेळा गिरवून मगच जंगलाची वाट धरावी.

काही हौशी मंडळी घारींना जवळ आणण्यासाठी कोंबडीच्या मांसाचे तुकडे उधळतात. चित्र मिळते, परंतु घारीला माणसाच्या हातावर झडप घालण्याची सवय जडते आणि त्याचा त्रास पुढे शाळेतून खाऊचा डबा उघडणाऱ्या मुलांना होतो. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, अनेक घारी घरट्यावर असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आकाशात मांजा असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. या दिवसांत दुर्बीण व कॅमेरा घेऊन गच्चीवर असणाऱ्याला झाडात अडकलेली घार सर्वांआधी दिसते. त्याने तेव्हा छायाचित्र घेत न बसता अग्निशमन दलास वा वनखात्यास कळवावे, एवढे सांगणे पुरे.

अंबरनाथच्या बाजूस चिखलोली धरण, काकोळे येथील रेल्वेचा जुना तलाव आणि डोंगरपायथ्याची झाडी ही ठिकाणे शिक्र्यासाठी चांगली. शिक्रा कबुतराएवढा, पण चपळ. काही वेळा पंख मारून मग तरंगत जाणे, ही त्याच्या उड्डाणाची खूण. नराचा डोळा लाल, मादीचा पिवळसर; आणि बहुतेक शिकारी पक्ष्यांप्रमाणे येथेही मादी नराहून मोठी असते. शिक्रा बसतो तो पानांच्या आडोशाला, त्यामुळे त्याला शोधावयाचे असेल तर खारी आणि बुलबुलांचा कलकलाट ऐकावा. त्याचा पत्ता तेच सांगतात.

सर्वांत रमणीय विषय मात्र बदलापूरच्या शेतांवरील कापशी हाच म्हणावा लागेल. पांढरे शुभ्र पोट, राखी पाठ, खांद्यावर काळा डाग आणि माणकासारखे लाल डोळे असा हा पक्षी विजेच्या तारेवर किंवा एकाकी झाडाच्या शेंड्यावर बसून उंदरांची वाट पाहतो. भाताची कापणी झाल्यावर खाचरे उघडी पडतात आणि बांधांच्या बिळांतील उंदरांना लपावयास जागा उरत नाही. मग कापशीची चैन असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पक्षी फुकटचा राखणदार होय. त्याला मारण्याचे तर नाहीच, पण उंदरांसाठी घातलेल्या विषाचा त्याच्या पोटात प्रवेश होणार नाही, याचीही काळजी घेणे शेतीच्याच हिताचे आहे. मेलेले उंदीर उघड्यावर न टाकता पुरून टाकले तरी पुष्कळ काम होते.

कापशी शिकार करताना प्रथम हवेत एका जागी थांबते. पंख सतत हलत असतात, शेपटी खालीवर होते, पण डोके जणू खिळ्याने ठोकल्याप्रमाणे स्थिर असते. सावज हेरले की पाय खाली सोडून आणि पंख वर उभे धरून ती टप्प्याटप्प्याने खाली येते. मध्ये थांबते, पुन्हा थोडी उतरते आणि शेवटचे काही हात मात्र दगडासारखी पडते. ही सारी क्रिया एका जागेभोवती होत असल्याने छायाचित्रकारास तयारीला अवधी मिळतो. शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवला तर पंखांचे प्रत्येक पीस गोठते. तोच १/२५० वर आणला तर डोके स्पष्ट आणि पंख धूसर असे चित्र येते. त्यासाठी बरीच चित्रे वाया घालवावी लागतात. परंतु पक्षी हवेत कसा तोललेला असतो, याचा खरा प्रत्यय हे दुसरे चित्रच देते. छत्तीस चित्रांच्या फितीच्या काळात असा प्रयोग खिशाला परवडणारा नव्हता. एका सेकंदात दहा-वीस चित्रे घेणाऱ्या आजच्या कॅमेऱ्यांनी ती सोय करून दिली आहे. अर्थात, त्यामुळे चांगली चित्रे दहापट झाली असे मात्र दिसत नाही.

पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. मागे काळपट डोंगर असला तर कॅमेरा उजेड वाढवितो आणि पिसांतील सारा तपशील जळून नुसता पांढरा डाग उरतो. अशा वेळी एक्स्पोजर अर्ध्या-पाऊण पायरीने कमी करावे. घारीसाठी वाढवावयाचे आणि कापशीसाठी कमी करावयाचे, यामागील तत्त्व एकच आहे. पक्षी आणि पार्श्वभूमी यांत कॅमेऱ्याला काय अधिक दिसते, हे पाहून त्याची चूक आपण सुधारावयाची.

बदलापूर ते बारवी हा रस्ता शेतांतून व पुढे जंगलातून जातो. पायी चालणाऱ्या माणसाला पाहून तारेवरची कापशी दोन खांब अलीकडूनच उडते, पण उभ्या मोटारीला मात्र ती भीत नाही. म्हणून मोटार हेच उत्तम लपण होय. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी व इंजिन बंद करावे, कारण त्याच्या थरथरीने चित्र हलते. खिडकीच्या काचेवर तांदूळ किंवा वाल भरलेली लहानशी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. बाजारात यासाठी मिळणारी महाग साधने याहून अधिक काही करीत नाहीत. लेन्स ४०० मिलिमीटरची असली तरी पुरे. इंग्लंडमध्ये १८९२ पासून पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्या रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी तर बैलाचे कातडे पेंढ्यावर चढवून त्याच्या पोटात बसण्याचा उद्योग केला होता.

बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ च्या सुमारास पूर्ण केले व पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढविण्यात आली. धरणाचा परिसर महामंडळाच्या आणि भोवतीचे जंगल वनखात्याच्या अखत्यारीत येत असल्याने तेथे जाण्यापूर्वी संबंधितांची परवानगी घेणे आवश्यक आहे. जलाशयाच्या फुगवट्यातील वाळलेल्या खोडांवर हिवाळ्यात कैकर बसतो आणि कडेच्या जंगलात सर्पगरुड. सर्पगरुड उडताना ओळखण्याची खूण सोपी आहे: पंखांच्या मागील कडेलगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला रुंद पांढरा पट्टा आणि शेपटीवर तसाच एक. मधुबाजाचे रंग मात्र इतके निरनिराळे असतात की, त्याला मोरघार समजण्याची चूक जाणकारही करतात. त्याची बारीक, कबुतरासारखी मान आणि लहान डोके लक्षात ठेवावे. म्हणूनच दूरचा, अस्पष्ट दिसणारा पक्षी असला तरी त्याचे खालून एक चित्र घेऊन ठेवावे. भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे नसलेले ते चित्र ओळख पटविण्याच्या कामी येते.

घरट्यापासून दूर

घरट्यावरचा पक्षी सहज सापडतो, कारण तो परत तेथेच येणार असतो. या सुलभतेतच धोका आहे. सर्पगरुडाची मादी एका वेळी एकच अंडे घालते. माणसाच्या वावरामुळे ती तासभर जरी उठून गेली, तरी उघड्या अंड्यावर किंवा कोवळ्या पिलावर ऊन येते, कावळे येतात. त्या वर्षीची सारी वीण एका चित्रापायी जाते, आणि चित्रात त्याचा मागमूसही नसतो. चित्र सुंदरच दिसते. आकाशात हिंडणाऱ्या घारीचे लक्ष पिलांकडे असते, हे मराठी माणसास निराळे सांगावयास नको. पाने-फांद्या तोडून घरटे ‘मोकळे’ करणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलाविणे, पिलांच्या भुकेच्या वेळी तळ ठोकून बसणे, हे सर्व प्रकार आजही घडतात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिलेली आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश होतो. कॅमेरा हाती धरलेला माणूसही या अर्थाने शिकारी ठरू शकतो. कर्नाळा, तानसा यांसारख्या अभयारण्यांत छायाचित्रणासाठी रीतसर परवाना लागतो, तो वेगळाच.

एरिक हॉस्किंग हे ब्रिटनमधील पक्षी-छायाचित्रणाचे अध्वर्यू. १९३७ साली घरट्याजवळील लपणाकडे रात्री जात असता एका घुबडाने त्यांच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्यात त्यांचा डावा डोळा गेला. तरीही त्यांनी त्या पक्ष्याबद्दल राग धरला नाही, पुढे पन्नासहून अधिक वर्षे ते चित्रे घेत राहिले आणि आपल्या आत्मचरित्राला त्यांनी पक्ष्यासाठी दिलेला डोळा अशा आशयाचे नाव दिले. ही कथा नेहमी छायाचित्रकाराच्या जिद्दीसाठी सांगितली जाते. घुबडाच्या बाजूनेही ती वाचता येते. हॉस्किंगच्या काळी घरट्याशिवाय चित्र घेण्याचे साधनच नव्हते. जड कॅमेरे, मंद फिती आणि आखूड पल्ला. आज ती सबब कोणालाही पुढे करता येणार नाही.

भारतातही या कलेची परंपरा आहे. सिंगापूरचे उद्योगपती लोक वान थो हे डॉ. सालिम अलींबरोबर हिंडून अवजड साहित्यानिशी पक्ष्यांची चित्रे घेत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे या अभ्यासातील कार्य सर्वश्रुत आहे.

गिधाडे

छायाचित्राचा उपयोग काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर गिधाडांच्या रूपाने आपल्यासमोर आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत गावाबाहेर मेलेली जनावरे टाकण्याच्या जागी पांढऱ्या पाठीची गिधाडे कळपाने बसत. ती इतकी सामान्य होती की, त्यांचे चित्र घेण्यासाठी फितीतील एक घर खर्च करावे असे कोणास वाटले नाही. १९९० नंतर ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. जनावरांसाठी त्याच्या वापरावर भारताने २००६ मध्ये बंदी घातली आणि २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन ही औषधेही बंद करण्यात आली. तोवर भारतातील या जातीची ९९ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली होती. आज रायगड, नाशिक, गडचिरोली अशा मोजक्या ठिकाणी त्यांना जपण्याचे काम चालू आहे. कोणत्या गावी, कोणत्या साली, किती गिधाडे होती, हे सांगणारे चित्र शोधू गेल्यास ते क्वचितच हाती लागते.

उल्हास खोऱ्यातील माळांवर आता तशीच वेळ येऊ घातली आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली आणि नंतरही नगर वाढतच आहे. लोकांना घरे हवीत, ती बांधली जाणारच. परंतु ज्या खाचरावर आज कापशी उंदीर धरते, तेथे पाच वर्षांनी इमारत असेल, तर ती तेथे होती याची नोंद कोणी तरी ठेवावयास हवी. पुढे एखादा पाणवठा वा माळ राखण्याचा विचार करताना नियोजनकारांना अशाच नोंदींचा आधार मिळतो. दुर्मीळ गरुडाच्या एका चित्रापेक्षा एकाच तारेवरील कापशीची दहा वर्षांतील साधी चित्रे अभ्यासकास अधिक मोलाची वाटतात, हे छंदी मंडळींना पटण्यास थोडा वेळ लागतो.

अशी नोंद ठेवणे कठीण नाही. चित्र घरी आणल्यावर त्याच दिवशी तारीख, वेळ, गावाचे नाव, पक्ष्यांची संख्या आणि पक्षी काय करीत होता, एवढे लिहून ठेवावे. स्मरणावर विसंबू नये. पक्षी दिसला नाही त्या फेरीचीही नोंद करावी, कारण न दिसणे हीदेखील माहितीच असते. पक्षिनिरीक्षकांच्या सार्वजनिक नोंदसंचांत ही माहिती देता येते. घरट्याची जागा मात्र चित्राबरोबर कधीही जाहीर करू नये. ती वनखात्याच्या स्थानिक कार्यालयास कळवावी व पिले उडून जाईपर्यंत इतरांपासून गुप्त ठेवावी.

प्रारंभ करण्यास नोव्हेंबर महिना सर्वांत चांगला. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अलींचा १२ नोव्हेंबर; या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळावयास सुरुवात केली आहे. भाताची कापणी त्या वेळी उरकत आलेली असते, आकाश निवळलेले असते आणि उत्तरेकडून आलेली खरुची बदलापूरच्या माळावर पूर्वेकडे तोंड करून थरथरत उभी असते.